फुटलेली ट्यूबलाइट : कायद्याच्या लेखी कोणता कचरा?

विशेष प्रतिनिधी

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत घरोघरचे माळे रिकामे होतात. जुनी वर्तमानपत्रे, फुटके डबे, तुटक्या खुर्च्या यांची वाट ठरलेली असते. परंतु कपाटामागे उभी करून ठेवलेली एखादी जळालेली ट्यूबलाइट हाती लागली, की सारे घर क्षणभर थबकते. ती ओल्या कचऱ्यात टाकायची नाही, हे कोणालाही कळते. सुक्या कचऱ्यात टाकावी, तर काच फुटण्याचे भय. भंगारवाल्याला तिचे मोल नाही. अखेर ती सोसायटीच्या कचराकुंडीशेजारी भिंतीला टेकून उभी केली जाते. दोन-चार दिवसांत कोणाचा तरी धक्का लागतो, ‘फट्ट’ असा आवाज होतो, पांढरी भुकटी उडते आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. वस्तुतः तो तेथेच सुरू होतो.

कारण त्या नळीत पारा असतो. ती फुटली की पाऱ्याचा काही अंश बाष्परूपाने लगेच हवेत मिसळतो आणि उरलेला भुकटीला व काचेच्या तुकड्यांना चिकटून पुढील अनेक दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. घरातला माणूस त्यापासून चार पावले दूर जाऊ शकतो; पण कचरा हाताने निवडणाऱ्या स्त्री-पुरुषांना ती मुभा नसते. म्हणूनच ‘ही नळी कोणता कचरा?’ हा प्रश्न केवळ वकिलांच्या वादाचा नाही. कायदा तिला जे नाव देतो, त्यावरून ती कोणी उचलायची, कोठे न्यायची, खर्च कोणी सोसायचा आणि चुकल्यास जाब कोणाला विचारायचा हे ठरते. गंमत अशी, की आपल्याकडे या एकाच वस्तूला एकाहून अधिक नावे आहेत.

नळीत पारा कशासाठी?

साध्या पिवळ्या दिव्यात तार तापून प्रकाश देते. ट्यूबलाइट आणि सीएफएल यांचे काम निराळ्या तत्त्वावर चालते. नळीतील पाऱ्याच्या विरळ बाष्पातून वीज वाहू लागली, की त्यातून अतिनील किरण निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. नळीच्या आतल्या बाजूला फॉस्फरच्या पांढऱ्या भुकटीचा लेप असतो. तो हे किरण शोषून घेतो आणि दृश्य प्रकाश बाहेर टाकतो. पारा नसेल तर अतिनील किरण नाहीत आणि ते नसतील तर उजेडही नाही. रस्त्यावरचे जुने मर्क्युरी व्हेपर दिवे तर नावातच पारा मिरवतात. पण पिवळसर प्रकाशाच्या सोडियम दिव्यांतही बहुधा थोडा पारा असतो, याची कल्पना फार थोड्यांना असते.

एका सीएफएलमध्ये पारा असतो साधारण तीन ते पाच मिलिग्रॅम. जुन्या जाड ट्यूबलाइटमध्ये त्याहून पुष्कळ अधिक असे. ताप मोजण्याच्या काचेच्या थर्मामीटरमध्ये तो अर्धा ते एक ग्रॅमच्या आसपास, तर डॉक्टरांकडील जुन्या उभ्या रक्तदाबमापकात ८० ते १०० ग्रॅम. म्हणजे एक फुटलेला थर्मामीटर हा शे-दोनशे सीएफएलच्या तोडीचा. तेव्हा एखादी ट्यूब फुटली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु लाखो घरांतून निघणाऱ्या नळ्या एकाच कचराभूमीवर जाऊन फुटतात, तेव्हा मिलिग्रॅमचे किलो होतात. हा पारा हवेतून पावसाबरोबर पाण्यात उतरतो, तेथील सूक्ष्मजीव त्याचे मिथाइल मर्क्युरी या अत्यंत विषारी संयुगात रूपांतर करतात आणि माशांमार्फत ते माणसाच्या ताटात येते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदल्या गेलेल्या भयंकर मज्जाविकाराचे मूळ अशाच पाऱ्यात होते. तेथे पारा दिव्यांतून नव्हे, तर एका रसायन कारखान्याच्या सांडपाण्यातून आला होता. पण माणसापर्यंत पोहोचण्याची वाट हीच होती.

नाव देण्याच्या दोन रीती

कोणत्याही टाकाऊ वस्तूला ‘घातक’ ठरविण्याच्या कायद्यात दोन रीती आहेत. पहिली यादीची. अनुसूचीत वस्तूचे नाव आहे ना? मग ती त्या वर्गात गेली. तिच्यात विष किती, हे मोजत बसायचे नाही. दुसरी रीत गुणधर्माची. वस्तूचा नमुना कुटून आम्लधर्मी द्रवात ठराविक काळ घुसळायचा आणि त्यात किती विष उतरते ते पाहायचे. कचराभूमीत पावसाचे पाणी मुरल्यावर काय होईल, याची ही प्रयोगशाळेतील नक्कल. पाऱ्याच्या बाबतीत अशा द्रवाच्या एका लिटरमध्ये ०.२ मिलिग्रॅम ही मर्यादा अमेरिकी कायद्याने घातली आणि भारताच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांतही तीच आढळते.

दोन्ही रीतींना आपापले गुणदोष आहेत. गुणधर्माची कसोटी शास्त्रशुद्ध खरी. पण तिच्यामुळे एकाच दुकानातील दोन नळ्यांपैकी एक ‘घातक’ आणि दुसरी ‘साधी’ ठरू शकते. कमी पाऱ्याची नळी कसोटी उत्तीर्ण होते. पण ती टाकणाऱ्या गृहस्थाने कोणती नळी कोणत्या जातीची, हे ओळखायचे कसे? यादीची रीत ढोबळ, परंतु स्पष्ट. मात्र यादीत नाव नसेल, तर कितीही विषारी वस्तू मोकळी सुटते. भारतात ट्यूबलाइटचे नेमके हेच झाले.

यादीबाहेरची वर्षे

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ हा या साऱ्या नियमांचा मूळ आधार. त्याखाली १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे पहिले नियम आले. त्यांची नजर कारखान्यांवर होती; घरातल्या दिव्याचा विचार त्यांत नव्हता. पुढे विजेची बचत हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. २००९ मध्ये केंद्राने ‘बचत लॅम्प योजना’ सुरू करून साध्या दिव्याच्या बदल्यात, त्याच्याच किमतीत सीएफएल घरोघर पोहोचविण्याचा घाट घातला. हेतू स्तुत्यच होता. वीज वाचली म्हणजे कोळसा कमी जळतो आणि कोळशाच्या धुरातूनही पारा बाहेर पडतोच, हा युक्तिवाद चुकीचा नव्हता. परंतु घरात शिरणाऱ्या कोट्यवधी सीएफएल बाहेर पडतील तेव्हा त्यांना कोण विचारणार, याचे उत्तर कायद्यात नव्हते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००८ मध्ये या उद्योगासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. पण सूचना ही सूचना आणि नियम तो नियम.

मे २०११ मध्ये ई-कचऱ्याचे पहिले नियम अधिसूचित झाले आणि १ मे २०१२ पासून ते लागू झाले. त्यांच्या अनुसूचीत संगणक, भ्रमणध्वनी, दूरचित्रवाणी संच, फ्रिज, धुलाई यंत्र, वातानुकूलन यंत्र अशी नावे होती. ट्यूबलाइट किंवा सीएफएल नव्हती. विजेवर चालणारी आणि विषारी धातू पोटात बाळगणारी ही वस्तू आणखी काही वर्षे यादीच्या उंबरठ्याबाहेर राहिली.

२०१६ : तीन आठवड्यांत नवी चौकट

मार्च-एप्रिल २०१६ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अवघ्या तीन आठवड्यांत कचऱ्याची जवळजवळ सारी नियमावली नव्याने लिहून काढली. १८ मार्चला प्लास्टिक कचरा, २३ मार्चला ई-कचरा, २८ मार्चला जैववैद्यकीय कचरा, ४ एप्रिलला घातक कचरा आणि ८ एप्रिलला घनकचरा. यांपैकी ई-कचरा नियमांच्या अनुसूचीत ‘फ्लुरोसंट आणि पारा असलेले इतर दिवे’ ही नोंद प्रथमच आली. १ ऑक्टोबर २०१६ पासून ट्यूबलाइट कायद्याने ई-कचरा झाली.

या एका नोंदीने तीन गोष्टी बदलल्या. एक, जबाबदारी दिवा तयार करणाऱ्या वा आयात करणाऱ्या कंपनीकडे गेली. ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ या तत्त्वानुसार माल विकला की हात झटकता येत नाहीत. तो निकामी झाल्यावर परत गोळा करण्याची व्यवस्थाही उत्पादकानेच करायची. दुसरी, संकलन केंद्रांसाठी स्वतंत्र परवान्याची अट गेली. उत्पादकाच्या आराखड्यात त्यांचा उल्लेख पुरेसा ठरला. तिसरी, दिव्यात पारा किती असावा यावर मर्यादा आली. सामान्य प्रकाशासाठीच्या ३० वॉटहून कमी शक्तीच्या सीएफएलला अडीच मिलिग्रॅमची मर्यादा घालण्यात आली.

नियम करणाऱ्यांना वस्तुस्थितीचीही जाणीव होती. दिव्यांचे पुनर्चक्रण करणारे कारखाने देशात मोजके. म्हणून, जेथे असा कारखाना उपलब्ध नसेल तेथे नळ्या संकलन केंद्रातून थेट घातक कचऱ्याच्या विल्हेवाट प्रकल्पाकडे पाठविण्याची मुभा देण्यात आली. मात्र तेथे पुरण्यापूर्वी पारा हलणार नाही अशा रीतीने तो बांधून टाकण्याची प्रक्रिया आवश्यक ठरविली. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे घातक कचऱ्याचे असे प्रकल्प आहेत.

येथे नाव बदलण्याचा आणखी एक बारकावा आहे. अखंड नळी ई-कचरा असते. पुनर्चक्रण कारखान्यात ती बंद पेटीत, हवा आत खेचून घेणाऱ्या यंत्रात फोडली जाते. टोकाच्या धातूच्या टोप्या, काच आणि फॉस्फरची भुकटी वेगवेगळी होते. भुकटी तापवून पारा बाष्परूपाने काढतात आणि थंड करून पुन्हा द्रवरूपात आणतात. त्यानंतर जो निरुपयोगी अवशेष उरतो, त्याचे नाव मात्र ‘घातक कचरा’ आणि त्याला लागू होतात ते घातक कचऱ्याचे नियम. एकाच वस्तूच्या पोटातून दोन कायद्यांचे कचरे निघतात.

एक नळी, दोन पत्ते

खरा गुंता मात्र घरात आहे. २०१६ च्याच घनकचरा नियमांत ‘घरगुती घातक कचरा’ अशी व्याख्या होती. तिच्यात रंगाचे रिकामे डबे, कीटकनाशकांचे डबे, मुदत संपलेली औषधे, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया यांच्या पंक्तीला सीएफएल, ट्यूबलाइट आणि फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर यांची नावे स्पष्टपणे घातली होती. प्रत्येक घराने ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन वाटांनी कचरा वेगळा करायचा. नगरपालिकेने वा महापालिकेने दर २० चौरस किलोमीटरला, किंवा त्याहून लहान क्षेत्र असल्यास त्यासाठीही, एक जमा केंद्र उघडायचे. आणि तेथे गोळा झालेला माल घातक कचऱ्याच्या विल्हेवाट प्रकल्पाकडे पाठवायचा, अशी ती रचना.

आता विसंगती पाहा. हेच घनकचरा नियम आरंभीच्या कलमात सांगत होते, की स्वतंत्र नियमांखाली येणाऱ्या ई-कचऱ्याला ते लागू नाहीत. आणि पंधरवड्यापूर्वी निघालेल्या ई-कचरा नियमांनी ट्यूबलाइटला ई-कचरा केले होते. मग घरातली जळालेली नळी कोणाची? व्याख्या म्हणते घनकचऱ्याची, व्याप्ती म्हणते ई-कचऱ्याची. एका नियमानुसार तिचा अखेरचा पत्ता घातक कचऱ्याचा प्रकल्प, म्हणजे पुरणे. दुसऱ्यानुसार पुनर्चक्रण कारखाना, म्हणजे पारा परत मिळविणे. एका वाटेवर खर्च पालिकेचा, दुसरीवर उत्पादकाचा. ई-कचरा नियमांनीही पालिकेवर भार टाकला होताच: घनकचऱ्यात ई-कचरा मिसळलेला आढळला, किंवा ज्याचा उत्पादक कोण हे कळत नाही असा माल सापडला, तर तो वेगळा काढून अधिकृत कारखान्याकडे पोहोचविणे हे तिचेच काम ठरले.

कागदावर या दोन वाटा एकमेकींना पूरक मानता येतात. पालिकेने गोळा करावे, उत्पादकाने उचलून न्यावे. परंतु दोघांमध्ये वस्तू कोणाच्या ताब्यात कधी गेली आणि वाहतुकीचा खर्च कोणाचा, हे स्पष्ट नसले की दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. अशा वेळी नळी जेथे उभी असते तेथेच उभी राहते.

जानेवारी २०२६ मध्ये केंद्राने घनकचऱ्याचे नवे नियम अधिसूचित केले. १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख. त्यांत वर्गीकरण चार वाटांचे झाले आहे: ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि ‘विशेष काळजी’चा कचरा. रंगाचे डबे, दिवे, पाऱ्याचे थर्मामीटर, औषधे हे या चौथ्या वर्गात. हा कचरा अधिकृत यंत्रणेने गोळा करावा किंवा नागरिकाने नेमलेल्या केंद्रावर नेऊन द्यावा, अशी तरतूद आहे. नाव अधिक सुबोध झाले, हे खरे. ‘घातक’ म्हटले की माणूस दूर पळतो, ‘विशेष काळजी’ म्हटले की निदान थांबून विचार करतो. परंतु ते केंद्र घरापासून किती अंतरावर आहे, यावरच नव्या नावाचे यश अवलंबून राहील.

थर्मामीटरची गोष्ट निराळी

पारा तोच, पण थर्मामीटरची वाट वेगळी. तो विजेवर चालत नाही, म्हणून तो ई-कचरा नव्हे. घरात फुटला तर तो घरगुती घातक, म्हणजे आता ‘विशेष काळजी’चा कचरा. रुग्णालयात फुटला तर अनेकांना वाटते की तो जैववैद्यकीय कचरा असावा. तसेही नाही. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम स्वतःच सांगतात, की घातक कचरा आणि ई-कचरा त्यांच्या कक्षेबाहेर आहेत. रुग्णालयात सांडलेला पारा हा घातक कचरा म्हणूनच हाताळायचा असतो. तो पिवळ्या पिशवीत घालून भट्टीत पाठविला, तर भट्टीच्या उष्णतेने त्याचे बाष्प होऊन तो धुराड्यातून गावभर पसरेल. चुकीच्या नावाची शिक्षा कशी असते, याचे हे सर्वांत सोपे उदाहरण.

दुसरे उदाहरण कोडाईकनालचे. तमिळनाडूतील या थंड हवेच्या ठिकाणी हिंदुस्तान लिव्हर कंपनीचा थर्मामीटरचा कारखाना होता; १९८० च्या दशकात अमेरिकेतून आणलेल्या जुन्या यंत्रसामग्रीवर तो उभा राहिला होता. तेथील पारामिश्रित फुटकी काच गावातील एका भंगाराच्या दुकानात सापडली. मार्च २००१ मध्ये लोक रस्त्यावर आले आणि कारखाना बंद झाला. २००३ मध्ये पाऱ्याचा कचरा जहाजाने अमेरिकेला परत पाठवावा लागला. ५९१ माजी कामगारांशी कंपनीची तडजोड व्हायला २०१६ साल उजाडले. सारा वाद एका नावाभोवती होता. त्या काचेला ‘भंगार’ म्हटले गेले. ती ‘घातक कचरा’ होती. भंगार विकता येते, घातक कचरा विकता येत नाही. एवढ्या एका शब्दाने पारा कारखान्याच्या फाटकाबाहेर पडला.

कडक कायद्याचा उलटा परिणाम

मग दिव्यांना सरळ ‘घातक कचरा’ म्हणून सर्वांत कडक नियम लावले तर? अमेरिकेने हा अनुभव घेतला आहे. तेथे कसोटीत नापास होणाऱ्या नळ्या टाकणाऱ्या कार्यालयांना व दुकानांना घातक कचऱ्याचे पूर्ण नियम लागू होत: नोंदण्या, वाहतुकीची कागदपत्रे, साठवणुकीची मुदत. परिणाम असा, की कटकट नको म्हणून नळ्या साध्या कचऱ्यात जाऊ लागल्या. तेव्हा १९९५ मध्ये तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने ‘सार्वत्रिक कचरा’ असा एक मधला वर्ग निर्माण केला. सर्वत्र, थोड्या थोड्या प्रमाणात आणि असंख्य लोकांकडून निघणारा घातक कचरा, असा त्याचा अर्थ. १९९९ च्या नियमाने त्यात दिवे घातले गेले व जानेवारी २००० पासून ते लागू झाले. २००५ मध्ये थर्मामीटर, पाऱ्याचे स्विच अशी उपकरणेही आली. हा माल वर्षभर साठविता येतो, कागदपत्रे कमी लागतात. मात्र फुटू नये असे वेष्टन, त्यावर स्पष्ट चिठ्ठी आणि शेवटी अधिकृत कारखान्यातच रवानगी, या अटी कायम. घरगुती कचरा तेथील केंद्रीय घातक कचरा कायद्यातून मुळातच वगळलेला आहे.

युरोपीय संघाने दोन्ही रीतींचा मिलाफ केला. तेथील कचऱ्याच्या यादीत ‘फ्लुरोसंट नळ्या आणि पारायुक्त इतर कचरा’ यांना २०-०१-२१ हा क्रमांक असून त्यापुढे तारांकन आहे. तारांकन म्हणजे घातक. नगरपालिकेच्या कचऱ्याच्या प्रकरणातच ही नोंद असल्याने घरातली नळी ‘घरगुती पण घातक’ आहे, याविषयी संदिग्धता उरत नाही. जोडीला २००२ पासून विद्युत उपकरणांच्या कचऱ्याचा निर्देश असल्याने उत्पादकाला ती परत घ्यावी लागते.

दोन्हींचा धडा एकच. नाव इतके सौम्य नको की विष विसरले जाईल आणि इतके कठोर नको की गोळा करणाराच पळ काढील.

पाऱ्याला प्रमाणपत्र नाही

भारतात २ नोव्हेंबर २०२२ रोजी ई-कचऱ्याचे नवे नियम अधिसूचित झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. वस्तूंची यादी १०६ वर गेली. पारायुक्त दिव्यांची नोंद कायम राहिली. आता उत्पादक स्वतः कचरा गोळा करण्याऐवजी नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्याकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन आपले वार्षिक उद्दिष्ट पूर्ण करतो. उद्दिष्टही चढते आहे: २०२३-२४ साठी ६० टक्के, २०२५-२६ साठी ७० आणि २०२७-२८ पासून ८० टक्के.

ही पद्धत बाजाराच्या तर्कावर चालते आणि तेथेच दिव्याची अडचण होते. कारखान्याला प्रमाणपत्रे मिळतात ती परत मिळविलेल्या सोने, तांबे, लोखंड व अॅल्युमिनियम या धातूंच्या वजनावर. संगणकात सोने आहे, फ्रिजमध्ये लोखंड आणि तांबे आहे. ट्यूबलाइटमध्ये मुख्यतः काच, चिमूटभर भुकटी, टोकाला अॅल्युमिनियमच्या दोन टोप्या आणि काही मिलिग्रॅम पारा. तो पारा बाहेर काढण्यासाठी महागडे यंत्र लागते; पण त्याच्या वजनाचे प्रमाणपत्र नाही. जी वस्तू काळजीपूर्वक गोळा करण्याची सर्वाधिक गरज, तिलाच गोळा करण्यात सर्वांत कमी लाभ. भंगारवाला ट्यूब घेत नाही आणि कारखाना तिच्या मागे धावत नाही, याचे कारण एकच: तिच्यात आहे ते विष, मोल नव्हे. अशा वस्तूसाठी वेगळा हिशेब मांडावा लागेल. जुनी नळी परत दिल्यावर काही रक्कम ग्राहकाला मिळावी, अशा अनामत परताव्याची कल्पना २०१६ च्या नियमांत होती; पण ती ऐच्छिक होती.

शेवटची लाट

येथे कोणी म्हणेल, आता एलईडीच्या काळात हा प्रश्न उरला कोठे? जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले आणि एलईडीमध्ये पारा नसतो. आंतरराष्ट्रीय पातळीवरही वारे त्याच दिशेने वाहत आहेत. ऑक्टोबर २०१३ मध्ये जपानमधील कुमामोतो येथे स्वीकारलेला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आलेला मिनामाता करार भारताने जून २०१८ मध्ये मंजूर केला. या कराराच्या सदस्य राष्ट्रांनी २०२३ मध्ये जिनेव्हा येथे ठरविले, की सामान्य प्रकाशासाठीच्या फ्लुरोसंट दिव्यांचे उत्पादन, आयात आणि निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवायची. पाऱ्याच्या कचऱ्याची व्याख्याही या कराराने तीन भागांत केली: पाऱ्याचाच बनलेला, पारा असलेला आणि पाऱ्याने दूषित झालेला. दिवे व थर्मामीटर दुसऱ्या भागात मोडतात.

परंतु उत्पादन थांबले म्हणजे कचरा थांबला, असे नव्हे. उलट शाळा, कार्यालये, रेल्वे स्थानके, कारखान्यांचे शेड येथे अजून लटकत असलेल्या नळ्या याच काळात मोठ्या संख्येने उतरविल्या जातील. ही शेवटची लाट आहे. आणि ज्या दिव्याचा बाजारच उरला नाही, त्याच्या उत्पादकाला उद्या जबाबदार कसे धरायचे, हा प्रश्न त्या लाटेच्या पोटात आहे. कंपनी दुसऱ्या व्यवसायाकडे वळेल, नाममुद्रा विस्मरणात जाईल. नळी मात्र ‘अनाथ माल’ म्हणून पालिकेच्या दारात येईल.

आपण काय करावे?

कायद्याचा गुंता सुटेपर्यंत नागरिकाने हात बांधून बसण्याचे कारण नाही. जळालेली नळी फोडू नये; नव्या नळीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, वर ‘ट्यूबलाइट – पारा’ असे लिहून आडवी ठेवावी. सोसायटीने अशा नळ्यांसाठी एक कोरडा कोपरा राखावा आणि पुरेशा जमल्या की महापालिकेच्या जमा केंद्राकडे किंवा नोंदणीकृत ई-कचरा संस्थेकडे एकत्र द्याव्यात. एकट्या नळीसाठी कोणी गाडी पाठवीत नाही. पन्नास नळ्यांसाठी पाठवू शकते. चोक आणि धातूची पट्टी भंगारात चालते, नळी नव्हे.

घरात नळी फुटलीच, तर प्रथम मुलांना व पाळीव प्राण्यांना बाहेर काढावे, पंखा व वातानुकूलन यंत्र बंद करावे, खिडक्या उघडाव्यात आणि दहा मिनिटे त्या खोलीत जाऊ नये. नंतर जाड कागदाने तुकडे गोळा करून झाकणाच्या बरणीत भरावेत. उरलेली बारीक भुकटी चिकटपट्टीने टिपावी आणि ओल्या कागदाने जागा पुसून तोही त्याच बरणीत टाकावा. केरसुणीने झाडू नये आणि व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच वापरू नये; त्याने पारा हवेत उधळतो. थर्मामीटर फुटल्यास पाऱ्याचे थेंब हाताने खेळवण्याचा मोह मुलांना होतोच, तो टाळावा. थेंब कागदावर घेऊन घट्ट बुचाच्या बाटलीत भरावेत. मोरीत वा बेसिनमध्ये सोडू नयेत.

आणि घंटागाडीवर बरणी देताना तीत काय आहे, हे सांगावे. त्या गाडीवरच्या माणसाला नियमांची अनुसूची पाठ नसते. ई-कचरा, घरगुती घातक, विशेष काळजी या नावांपैकी कोणते खरे, हे त्याने ठरवायचे नसते. हातमोज्यांविना ज्याला ती उचलावी लागते, त्याच्यासाठी ती फक्त काच असते. तीत पारा आहे, हे त्याला कळावे एवढ्यासाठीच तर कायद्याने तिला नाव द्यायचे असते. ते नाव कागदावरून त्याच्या कानापर्यंत पोहोचविण्याचे काम सध्या तरी आपल्यालाच करावे लागणार आहे.